रोज एक कोडं, भाग ३ (उत्तर पांढऱ्या शाईत, रीत मात्र हवीच)

वजाबाकी · सोमवार, सकाळ

मंडळी, मागचा धागा इतका वाढला की मोबाइलवर शेवटच्या प्रतिसादापर्यंत पोचेतो माणूस कोडं विसरतो. म्हणून हा तिसरा भाग. जुने भिडू नियम जाणतातच, नव्यांसाठी थोडक्यात सांगते. कोडं सकाळी येईल. रात्री दहापर्यंत उत्तर पांढऱ्या शाईत लिहायचं, म्हणजे ज्याला बघायचंय तो सिलेक्ट करून बघेल, बाकीच्यांचा विरस नको. आणि नुसता आकडा टाकून पळायचं नाही. कसं काढलंत ते लिहा. अर्धवट रीत चालेल, रीत नसलेलं बरोबर उत्तर चालणार नाही, ते गूगलही देतं.

एक गोष्ट इथे नको: ती फळांची चित्रं. तीन सफरचंदं म्हणजे तीस, आणि शेवटच्या ओळीतल्या घडात गुपचूप एक केळं कमी. ते कोडं नव्हे, डोळ्यांच्या डॉक्टरकडचा तक्ता आहे.

आजचं कोडं जुनंच आहे. किराणा दुकानदाराकडे ४० किलोचं एक वजन होतं. ते पडून त्याचे चार तुकडे झाले. पण तुकडे असे झाले की आता १ ते ४० पर्यंत पूर्ण किलोतला कुठलाही माल तो एकाच वेळेत तोलू शकतो. तुकडे किती किती किलोचे? तराजू दोन पारड्यांचा आहे आणि वजनं दोन्ही पारड्यांत ठेवायला मुभा आहे.

खवचट खलबत्ता

४० किलोचं वजन पाडणाऱ्या दुकानदाराच्या पायाचे किती तुकडे झाले हे कोणी विचारत नाही.

मधलीसुट्टी

ताई, मी १, २, ४, ८ असं करत गेलो. १५ च्या पुढे गाडी सरकत नाही. चार तुकड्यांत कसं बसवायचं? सहा तरी लागणार.

वजाबाकी

तू माल एकीकडे आणि सगळी वजनं दुसरीकडे ठेवतो आहेस. कोड्याचं शेवटचं वाक्य पुन्हा वाच. ते वाक्य शोभेला नाही लिहिलेलं.

शून्यशेष

[पांढरी शाई] १, ३, ९, २७. उदा. १४ किलो साखर हवी असेल तर एका पारड्यात २७ आणि दुसऱ्यात साखरेसोबत ९, ३, १. सत्तावीसमधून तेरा गेले, चौदा उरले.

आता चारच तुकडे का पुरतात ते. प्रत्येक वजनाला तीन जागा: डावं पारडं, उजवं पारडं किंवा खाली फळीवर. चार वजनं, म्हणून ३ × ३ × ३ × ३ = ८१ मांडण्या. त्यातली एक म्हणजे सगळी वजनं फळीवर, ती सोडा. उरल्या ८०. डावं-उजवं अदलाबदल केली तर तोल तोच, म्हणून निम्म्या करा. उरल्या ४०. म्हणजे चार तुकड्यांत ४० पेक्षा जास्त वेगळी वजनं तोलणं कोणालाच शक्य नाही, आणि या चौघांत एकही मांडणी वाया जात नाही. [/पांढरी शाई]

वजाबाकी

झकास. शेवटचं वाक्य मला हवं होतं. १, ३, ९, २७ पाठ असणारे पुष्कळ भेटतात, पण ८१ मांडण्यांचा हिशेब करणारा क्वचित. फ्रान्समधल्या बाशे नावाच्या गृहस्थांनी १६१२ साली हे कोडं आपल्या पुस्तकात घातलं, तेव्हापासून ते त्यांच्या नावावर फिरतंय.

शुभ सकाळ ग्रुप · मंगळवार

नमस्कार, मी नवीन आहे. माझ्याकडून एक. फक्त हुशार लोकच सोडवू शकतात!! १, २, ४, ८, १६, ? उत्तर लगेच सांगा.

खवचट खलबत्ता

आली, आली.

तिरफळ

३२. माझा हुशारीचा दाखला पोस्टाने पाठवा.

शून्यशेष

३१.

शुभ सकाळ ग्रुप

चूक. दर वेळी दुप्पट होतंय. ३२ च बरोबर.

शून्यशेष

कागदावर एक गोल काढा. परिघावर एक ठिपका: गोलाचा एकच भाग. दोन ठिपके, जोडणारी रेघ: दोन भाग. तीन ठिपके एकमेकांना जोडले की चार. चार ठिपक्यांना आठ, पाच ठिपक्यांना सोळा. आता सहा ठिपके मांडा, प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडा, तीन रेघा एकाच बिंदूत मिळणार नाहीत एवढं बघा, आणि भाग मोजा. ३१ भरतात, बत्तिसावा सापडत नाही.

तुमचं ३२ ही बरोबर आणि माझं ३१ ही. 'पुढची संख्या ओळखा' म्हणजे समोरच्याच्या मनात कुठला नियम आहे ते ओळखा. पाच आकडे दिल्याने नियम ठरत नाही.

हडसनकाठ

मी लेकीला बसवून मोजायला लावलं. तिने रंगवून रंगवून मोजले, ३१. मग म्हणाली, "मधला एक भाग लपला असेल." अजून शोधतेय.

वजाबाकी

शुभ सकाळ ग्रुप, तुमचं स्वागत आहे, राग मानू नका. इथे नियम दिलेला असला की संख्या विचारायला हरकत नाही. 'गोलावर सहा ठिपके, किती भाग?' हे कोडं आहे. 'सोळाच्या पुढे काय?' हे नाही.

मधलीसुट्टी · बुधवार

आज ताईंनी मला संधी दिली आहे. कोडं: आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन बिऱ्हाड आलं. त्यांना दोन मुलं आहेत. त्यातलं एक मुलगा आहे. तर दुसरं अपत्य मुलगी असण्याची शक्यता किती? (मुलगा-मुलगी होण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरा. जुळी नाहीत.)

तिरफळ

निम्मी. पहिल्याला विचारून दुसरं येतं का?

गोदाकाठ

[पांढरी शाई] दोन तृतीयांश. दोन मुलांच्या चार तऱ्हा: मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगी-मुलगी. शेवटची बाद, कारण एक मुलगा आहेच. उरल्या तीन, त्यातल्या दोनांत मुलगी. [/पांढरी शाई]

मधलीसुट्टी

गोदाकाठ बरोबर! मला वाटलं नव्हतं इतक्या लवकर कोणी काढेल.

तिरफळ

कसं काय बरोबर? जिन्यात मला त्यांचा मुलगा भेटला, क्रिकेटची बॅट घेऊन. घरात आणखी एक मूल आहे. ते मुलगा असेल किंवा मुलगी असेल. या मुलाने बॅट घेतली म्हणून घरातल्या मुलाचं काही बदलतं का?

गोदाकाठ

तिरफळशेठ, तऱ्हा मोजा. तीनच आहेत.

तिरफळ

तऱ्हा तीन आहेत म्हणून त्या सारख्या वजनाच्या आहेत हे कोणी सांगितलं? लॉटरीतही दोनच तऱ्हा असतात, लागते किंवा लागत नाही.

खवचट खलबत्ता

हे आवडलं. मालवणच्या तिरफळला आमचा पाठिंबा.

गोदाकाठ

अहो पण इथे चारही तऱ्हा सारख्याच शक्यतेच्या आहेत. एक गाळली तरी बाकीच्या तीन सारख्याच राहतात. हे अकरावीच्या पुस्तकातलं आहे, यात वाद कसला?

हडसनकाठ

इथे रात्रीचे बारा वाजलेत आणि मी नवऱ्याशी यावरून भांडतेय. तो तिरफळच्या बाजूने आहे, मी गोदाकाठच्या. लवकर निकाल लावा, उद्या ऑफिस आहे.

शून्यशेष

दोघंही बरोबर आहेत आणि दोघं वेगवेगळी कोडी सोडवताहेत. शंभर बिऱ्हाडं घेऊ, प्रत्येकी दोन मुलं. सरासरीने २५ घरांत दोन्ही मुलगे, ५० घरांत एक-एक, २५ घरांत दोन्ही मुली.

गोदाकाठचं कोडं असं: मी प्रत्येक घराचं दार वाजवून विचारलं, "तुमच्याकडे निदान एक तरी मुलगा आहे का?" हो म्हणणारी घरं ७५. त्यातल्या ५० घरांत मुलगीही आहे. पन्नास भागिले पंचाहत्तर, दोन तृतीयांश.

तिरफळचं कोडं वेगळं: मी दारं वाजवली नाहीत. जिन्यात त्या घरातलं कुठलंही एक मूल भेटलं आणि ते मुलगा निघालं. दोन मुलगे असलेल्या २५ घरांतून जिन्यात येणारं मूल मुलगाच असणार, म्हणजे २५ वेळा. एक-एक असलेल्या ५० घरांतून निम्म्या वेळा मुलगा येईल, निम्म्या वेळा मुलगी. म्हणजे मुलगा आला असं २५ वेळा. एकूण ५०, त्यातल्या २५ घरांत मुलगी. निम्मी.

घरं तीच, मुलं तीच. फरक एवढाच की 'एक मुलगा आहे' हे आपल्याला कळलं कसं. मधलीसुट्टीने ते लिहिलंच नाही.

तिरफळ

म्हणजे मी जिंकलो.

गोदाकाठ

म्हणजे दोघं जिंकलो. हिशेब मान्य. पण 'त्यातलं एक मुलगा आहे' या वाक्याचा सरळ अर्थ 'निदान एक' असाच होतो, असं माझं मत कायम आहे.

शून्यशेष

काका, सरळ अर्थावरून मोठमोठ्यांची पंचाईत झालीय. मार्टिन गार्डनरने हेच कोडं १९५९ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात दिलं, आणि पुढे त्यालाही म्हणावं लागलं की मांडणी संदिग्ध आहे. तीन दारं आणि एक मोटार हे कोडं तर विचारूच नका: एका दारामागे मोटार, दोहोंमागे बकऱ्या, तुम्ही एक दार निवडता, सूत्रसंचालक उरलेल्यांतलं एक उघडून बकरी दाखवतो आणि विचारतो, दार बदलणार का? १९९० मध्ये मेरिलिन व्होस सावंत यांनी 'परेड' साप्ताहिकात 'दार बदला, फायद्यात राहाल' असं उत्तर दिलं, तर दहा हजारांच्या आसपास पत्रं आली. बरीचशी 'तुम्हाला गणित येत नाही' अशी, आणि त्यात पीएचडीवाले शेकड्यांनी. उत्तर बाईंचंच बरोबर होतं. पण तेही तेव्हाच, जेव्हा सूत्रसंचालकाला बक्षीस कुठे आहे ते ठाऊक असतं आणि तो दर वेळी मुद्दाम बकरीचंच दार उघडतो. तो आंधळेपणाने दार उघडत असेल आणि योगायोगाने बकरी निघाली असेल, तर बदलून काही फायदा नाही.

तिरफळ

सावंत? आमच्या सावंतवाडीकडची काय?

खवचट खलबत्ता

असणार. दहा हजार लोक चुकले म्हणून सांगतात तरी हटत नाही, म्हणजे कोकणातलीच.

वजाबाकी

पुरे. मधलीसुट्टी, कोडं छान निवडलंस, पण यापुढे शक्यतेचं कोडं देणाऱ्याने 'ही माहिती कशी मिळाली' हे लिहायचंच. जिन्यात भेटला, का विचारून कळलं, का आईने सांगितलं. नियमांत घालते. हडसनकाठ, झोपा आता.

पाटीपेन्सिल · गुरुवार

आज माझी पाळी. मी चाळीसगावचा, तेव्हा घरचंच देतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथातलं मोर आणि साप.

नऊ हात उंच खांब. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबावर मोर बसलाय. खांबापासून सत्तावीस हातांवर असलेला साप बिळाकडे येताना मोराने पाहिला आणि तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं आणि गाठ पडली. बिळापासून किती हातांवर?

उत्तर काढेपर्यंत थोडी जाहिरात. आमच्याकडे पाटणला देवीच्या देवळात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याला दिलेल्या देणग्यांचा हा लेख. बहुतेक मजकूर संस्कृतात आहे, पण शेवटच्या काही ओळी त्या वेळच्या मराठीत आहेत. का, तर त्या ओळींत पैशांचा मामला आहे: पाटणच्या पेठेत माल विकला की राजाकडे जाणारा हिस्सा मठाला द्यायचा. स्तुती संस्कृतात आणि वसुली लोकांना कळेल अशा भाषेत! भास्कराचार्यांच्या गणिताचा वर्ग पेठेतल्या गिऱ्हाइकांच्या पैशांवर चालायचा, हे मला त्या मोराइतकंच आवडतं. पाटणादेवीला सहलीला जाणारे धबधबा बघून परत येतात, तेवढा लेखही बघा.

खवचट खलबत्ता

मला शंका. साप चालतोय, मोर उडतोय. मोराला आधीच कसं कळलं साप कुठे सापडेल? खरा मोर सापाकडे बघत बघत येईल, त्याची वाट वाकडी होईल.

पाटीपेन्सिल

आक्षेप रास्त आहे, पण भास्कराचार्यांनी तो ओळखून ठेवलाय. श्लोकात 'तिर्यक्' आहे, म्हणजे मोराची झेप सरळ तिरक्या रेषेत. आणि 'साम्येन गत्योः' आहे, म्हणजे दोघांनी कापलेलं अंतर सारखं. वृत्तात बसवताना जागेची किती ओढाताण असते, तरी अट सोडलेली नाही. कालच्या बिऱ्हाडाच्या कोड्यावरून हेच सांगावंसं वाटत होतं, पण म्हटलं आधीच हाणामारी चाललीय.

मधलीसुट्टी

ऐकतोय, ऐकतोय.

गोदाकाठ

[पांढरी शाई] बिळापासूनचं अंतर क्ष. साप चालला २७ उणे क्ष. मोराची झेप म्हणजे कर्ण, त्याचा वर्ग ८१ अधिक क्ष-वर्ग. दोन्ही सारखे मांडले, वर्ग केले, क्ष-वर्ग दोन्हीकडून कटला. ७२९ उणे ५४ क्ष बरोबर ८१. क्ष = १२. [/पांढरी शाई]

वजाबाकी

उत्तर बरोबर. पण क्ष न धरताही होतं, आणि मला ती रीत जास्त आवडते. [पांढरी शाई] साप जितका चालला तितकाच मोर उडाला, म्हणजे कर्ण आणि जमिनीवरची बाजू मिळून २७. पायथागोरसने कर्णवर्गातून बाजूवर्ग गेला की खांबाचा वर्ग उरतो, ८१. आता दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या संख्यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी. बेरीज २७ ठाऊक आहे, गुणाकार ८१ ठाऊक आहे, म्हणून वजाबाकी ३. बेरीज २७ आणि वजाबाकी ३ अशा दोन संख्या: १५ आणि १२. मोर १५ हात उडाला, साप १५ हात सरपटला, गाठ १२ हातांवर. [/पांढरी शाई] शाळेत फळ्यावर हे केलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची. समीकरण मांडलं की तीच मुलं वहीत मिशा काढायला लागायची.

तिरफळ

ताईंनी आपलंच नाव कोड्यात घुसवलं. बरं, शुक्रवारचं माझं:

कोकणातून आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी.

हडसनकाठ

लसूण! आजी घालायची हे. लगेच 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे', 'सुपभर लाह्या, त्यात एक रुपया'... सगळी एकामागून एक आठवली.

शून्यशेष

गोड आहेत, पण या धाग्यात बसतात का? यांना रीत कुठे आहे? लसूण कसा 'काढणार'? एक तर दिसतो, नाहीतर नाही.

तिरफळ

अरे, कुड्या सोलताना बघितलं असेल त्याला रीत आहेच. बुक्की मारल्यावर सुटून घरभर होणारी गोष्ट कोणती? स्वयंपाकघरात उभा राहा, एकेक वस्तू उचल, मार बुक्की. वांग्याच्या लेकी घरभर होतात का? नारळाला बुक्की मारशील तर हात मोडेल. मग उरलं काय?

खवचट खलबत्ता

बघा, शास्त्रशुद्ध.

वजाबाकी

पटलं. तरी नेहमीच्या कोड्यांत घोळ नको, रविवार या कोड्यांना देऊ. पण अट एक: 'अजून काय असू शकेल' हेही सांगायचं. लसणाऐवजी दुसरं काही चपखल बसलं तर तेही बरोबर धरायचं.

हडसनकाठ · शनिवार

आता माझ्याकडून, म्हणजे खरं तर लेकीकडून. ती इथल्या मराठी शाळेत जाते आणि तिला अक्षरांच्या जागी अंक शोधायची कोडी फार आवडतात, ते प्रसिद्ध 'सेंड अधिक मोअर बरोबर मनी' आहे ना, १९२४ सालचं, डुडनी यांचं, तसली. ती म्हणाली मराठीत का नाहीत? मग आम्ही बसलो. पहिली अडचण मात्रांची. 'का' आणि 'की' यांना एकच अंक द्यायचा की वेगळा? 'ख्या'चं काय करायचं? शेवटी ठरवलं, जोडाक्षर असो वा काना-मात्रा, एक अख्खं अक्षर म्हणजे एक अंक. 'का' वेगळा, 'की' वेगळा. मग नात्यातले शब्द घेतले, कारण ते आयते दुहेरी असतात.

मामा × मामा = काकानाना

मा, का, ना हे तीन वेगवेगळे अंक आहेत. कोणते?

खवचट खलबत्ता

मामाला मामाने गुणल्यावर काका येतो हे आमच्या घरच्या लग्नात पाहिलंय.

मधलीसुट्टी

[पांढरी शाई] मामा म्हणजे ११ पासून ९९ पर्यंतची अकराच्या पटीतली संख्या. नऊच आहेत, सगळ्यांचे वर्ग केले. ११ आणि २२ चे वर्ग तीन अंकी, ते बाद. बाकी १०८९, १९३६, ३०२५, ४३५६, ५९२९, ७७४४, ९८०१. पहिले दोन सारखे आणि शेवटचे दोन सारखे फक्त ७७४४. मा ८, का ७, ना ४. [/पांढरी शाई]

वजाबाकी

अक्षरांबद्दलचा निर्णय अगदी योग्य. आणि कोडं फारच देखणं आहे, लेकीला माझ्यातर्फे शाबासकी. मधलीसुट्टी, नऊ वर्ग करून बघणं ही रीतच आहे, कमी नाही. पण न मोजता कोणाला जमेल?

शून्यशेष

[पांढरी शाई] काकानाना म्हणजे ११ गुणिले (१०० का + ना). मामाच्या वर्गात अकरा दोनदा येतो, म्हणून कंसातल्यालाही अकराने भाग जायला हवा. १०० का + ना म्हणजे ९९ का + (का + ना). ९९ का ला भाग जातोच, तेव्हा का + ना ला जायला हवा, म्हणजे का + ना = ११. अकराने भागल्यावर कंसात ९ का + १ उरतं आणि ते 'मा'चा वर्ग असलं पाहिजे. का ला २ ते ९ घालून बघा: १९, २८, ३७, ४६, ५५, ६४, ७३, ८२. वर्ग एकच, ६४. म्हणून का ७, ना ४, मा ८. [/पांढरी शाई]

गोदाकाठ

वा. अकराची गोष्ट निघाली म्हणून सोमवारसाठी देवळालीच्या कापरेकरांचं देतो. अंक उलटसुलट लावून वजा करत गेलं की चार अंकी संख्यांत शेवटी येणारं त्यांचं ६१७४ सगळ्यांना पाठ आहे. शाळामास्तर, १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं, पण जगभर नाव झालं ते गार्डनरने १९७५ मध्ये सदरात लिहिल्यावर. ते सोडून तीन अंकी घ्या. तिन्ही अंक सारखे नसलेली कुठलीही संख्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, मोठ्यातून लहान वजा. तेच पुन्हा. (९९ आले तर ०९९ लिहायचं, शून्य टाकून द्यायचं नाही.) शेवटी नेहमी ४९५ वरच अडकता. का?

हडसनकाठ

[पांढरी शाई] लेकीने शिडी काढली, मी फक्त टाइप करतेय. उलटसुलट वजाबाकीत मधला अंक कटतो, उरतं ९९ गुणिले (सर्वांत मोठा उणे सर्वांत लहान). ९९ च्या पटींत, म्हणजे ०९९, १९८, २९७ वगैरेंत, मधोमध कायम ९ आणि दोन टोकांची बेरीज ९. म्हणजे पुढच्या फेरीत सर्वांत मोठा अंक ठरलेलाच, ९. लहान तो टोकांतला धाकटा. फरक ९ आला तर ८९१, त्यातून फरक ८ म्हणून ७९२, मग ७ म्हणून ६९३, मग ६ म्हणून ५९४, मग ५ म्हणून ४९५. आणि ४९५ मध्ये ९ उणे ४ पुन्हा ५. खाली उतरायला पायरीच नाही. [/पांढरी शाई]

गोदाकाठ

पोरीला देवळालीला पाठवा हो.

शून्यशेष · मंगळवार

बुद्धिबळाचा पट, ६४ घरं. तिरक्या समोरासमोरच्या (एकाच कर्णावरच्या) दोन कोपऱ्यांतलं एकेक घर कापून टाकलं, ६२ उरली. दोन शेजारची घरं झाकणाऱ्या ३१ पट्ट्या आहेत. सगळा पट झाकता येईल का?

तिरफळ

[पांढरी शाई] नाही. पट्टी कशीही ठेवा, एक काळं आणि एक पांढरं घर झाकणार. समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे. ३२ आणि ३० उरतात. ३१ पट्ट्यांना ३१-३१ हवेत. [/पांढरी शाई] हे मला येत होतं, मुद्दाम सांगतो.

मधलीसुट्टी

मग एक काळं आणि एक पांढरं कुठूनही कापलं तर? नक्की झाकता येईल?

शून्यशेष

[पांढरी शाई] नेहमी. गोमोरी नावाच्या गणितज्ञांची युक्ती: पहिला उभा स्तंभ सोडून बाकीच्या सात स्तंभांत आडवं नागमोडी फिरत खाली जा आणि त्या पहिल्या स्तंभातून वर परत या. सगळी ६४ घरं एका बंद वाटेवर येतात, काळं-पांढरं आलटून पालटून. एक काळं, एक पांढरं काढलं की वाटेचे जास्तीत जास्त दोन तुकडे होतात आणि प्रत्येकात घरं समसंख्य. वाटेवरून पट्ट्या लावत चला. [/पांढरी शाई]

हडसनकाठ

लेक विचारतेय, दोन काळी आणि दोन पांढरी काढली तर? तेव्हाही नेहमी?

तिरफळ

नाही गो बाय. कोपऱ्यातल्या घराला शेजारी दोनच आणि दोघांचा रंग एकच. ते दोन्ही उचल. उरलेली दोन कोपऱ्याच्या रंगाची, कुठूनही लांबून काढ. आता कोपऱ्यावर पट्टी ठेवून दाखव.